पर्यावरणाचा पेपर आणि ‘मानवी हस्तक्षेप’: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

परळमधल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन संध्याकाळी पर्यावरणशास्त्र शिकवते. समोर बारावीची मुलं असतात, पदवीच्या पहिल्या वर्षाची असतात आणि मागच्या बाकांवर एमपीएससीवाले. तिघांचे अभ्यासक्रम वेगळे, पण ‘मानवी हस्तक्षेपाचे पर्यावरणावरील परिणाम’ हा घटक आला की प्रश्न तेच ते. दरवर्षी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हा घटक तर सगळ्यात सोपा. मग मार्क जातात कुठे?

सोपा वाटतो, तिथेच जातात. प्रदूषण, जंगलतोड, कचरा हे शब्द चौथीपासून कानावर पडलेले. त्यामुळे पेपरात पेन आपोआप चालायला लागतं आणि दोन पानं भरतात. तपासणारा त्या दोन पानांत एकच गोष्ट शोधत असतो: कशामुळे काय झालं आणि मधल्या पायऱ्या कोणत्या. ‘झाडे तोडल्यामुळे पर्यावरणाचा ऱ्हास होतो’ या वाक्यात एकही पायरी नाही. ते भिंतीवर रंगवायला ठीक आहे.

मी याला साखळी म्हणते. माणसाने काय केलं, त्याने हवेत, पाण्यात किंवा मातीत काय बदललं, त्या बदलाने सजीवांचं काय झालं आणि ते फिरून माणसाच्या दारात कसं आलं. या चार कड्या जोडता आल्या की पाच मार्कांचं उत्तर तयार. एखादी कडी सुटली की उत्तराचा निबंध होतो.

मॅडम, साखळी एकदा पूर्ण लिहून दाखवा ना.

२६ जुलै २००५ घेऊ. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. हा दुसरा आकडा फार कमी मुलं लिहितात आणि तोच महत्त्वाचा आहे, कारण एकाच शहरात पाऊस किती वेगवेगळा पडतो ते त्यातून दिसतं.

आता ‘अतिवृष्टीमुळे पूर आला’ असं लिहिलंत तर दोष ढगांचा झाला, मानवी हस्तक्षेप बाहेर राहिला. म्हणून मिठी नदी उत्तरात आणायची. विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी घेऊन ती सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. वाटेत तिच्या काठांवर वस्त्या आणि कारखाने आले, पात्र अरुंद झालं. विमानतळापाशी तिला वळवलं, तिच्यावर बांधकाम झालं. मुखाशी पाणी मुरवून धरणारी दलदल आणि खारफुटी होती, त्यातल्या बऱ्याच जागेवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. ही पहिली कडी.

दुसरी कडी: डांबर आणि काँक्रीटमुळे पाणी जमिनीत मुरायचं थांबलं, म्हणजे पडलेलं जवळपास सगळं पाणी एकाच वेळी गटारांकडे धावणार. जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. तीही ओहोटी असेल तर. भरतीला समुद्राचं पाणीच मुखांतून उलटं आत येतं, आणि त्या दुपारी भरती होती. उरलेलं काम प्लास्टिकच्या पिशव्यांनी केलं. तिसरी आणि चौथी कडी इथे एकत्र येतात: जीवितहानी, गोठ्यांत बुडालेली गुरं आणि पाणी ओसरल्यावर पसरलेला लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात, हेही लिहा. तीसुद्धा पायरीच आहे.

मी त्या रात्री सायनच्या पुलावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. पण पेपरात ‘मी स्वतः पाहिले’ असं लिहू नका, त्याला मार्क नाहीत.

ओझोनचं भोक पडल्यामुळे सूर्याची उष्णता आत येते आणि तापमान वाढतं. बरोबर ना?

चूक. शंभरातल्या चाळीस वह्यांत ही चूक असते. कॉलेजात असताना मीही ती ठळक अक्षरांत लिहिली होती, म्हणून जरा सविस्तर.

ओझोनचा थर वर, स्थितांबरात, साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. त्याचं काम अतिनील किरण अडवणं. फ्रीज, एसी, स्प्रे यांतून सुटलेले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) खालच्या थरात विघटित होत नाहीत, सावकाश वर जातात. तिथे अतिनील किरण त्यांना फोडतात आणि क्लोरीनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा रेणू मोडतो, स्वतः पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. असा एक अणू लाखभर रेणू संपवू शकतो. अंटार्क्टिकावर हे सर्वात जास्त का होतं? तिथल्या हिवाळ्यात स्थितांबरात बर्फाचे ढग तयार होतात, त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरीन सक्रिय रूपात येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऊन परतलं की विध्वंस सुरू होतो. परिणाम: त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, पिकांचं आणि समुद्रातल्या प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) नुकसान.

तापमानवाढीची गोष्ट निराळी. ऊन आत येतंच, नेहमीसारखं. तापलेली जमीन ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, पाण्याची वाफ ती शोषतात आणि त्यातला काही भाग पुन्हा खाली पाठवतात. म्हणजे एकीकडे आत येणारं अडवलं जात नाही, दुसरीकडे बाहेर जाणारं अडकतं. एवढं एक वाक्य पाठ असलं तरी गोंधळ होत नाही.

दोघांना जोडणारा धागा मात्र आहे, आणि तो लिहिलात तर तपासणारा खूश होतो. सीएफसी हे स्वतः तीव्र हरितगृह वायूही आहेत. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोन सावरायला लागला आणि तापमानवाढीलाही थोडा लगाम बसला. सीएफसीच्या जागी पुढे आलेले एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) ओझोनला धक्का लावत नाहीत, पण उष्णता जोरात धरून ठेवतात. म्हणून २०१६ मध्ये त्याच करारात किगालीची दुरुस्ती करावी लागली.

याच घरातला आणखी एक सापळा: जमिनीलगतचा ओझोन. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगं यांच्यावर ऊन पडलं की तो तयार होतो आणि फुप्फुसांना घातक असतो. वरचा रक्षक, खालचा प्रदूषक. प्रश्नात कोणता विचारलाय ते आधी बघा.

जैवसंचयन आणि जैवविशालन यांत फरक काय? दोन्हींत विष साठतंच की.

जैवसंचयन एका जीवाच्या शरीरात, आयुष्यभरात होतं. जैवविशालन अन्नसाखळीत, पायरीपायरीने वर जाताना. पदार्थ चरबीत विरघळणारा, लवकर न मोडणारा आणि शरीराबाहेर न टाकता येणारा असला की हे घडतं. डीडीटी हे नेहमीचं उदाहरण: पाण्यात नगण्य, प्लवकांत थोडं, लहान माशांत जास्त, मोठ्या माशांत आणखी जास्त आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांत इतकं की अंड्यांची कवचं पातळ होऊन उबवतानाच फुटतात. दुसरं उदाहरण जपानमधल्या मिनामाताचं. १९५६ मध्ये तिथला आजार उघडकीस आला. कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल मर्क्युरी माशांतून माणसांत गेला होता.

आता गिधाडं. जवळपास प्रत्येक मुलगा गिधाडांचं उदाहरण जैवविशालनात घालतो. तिथे ते बसत नाही! जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे. औषध दिल्यावर लवकरच ते जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन काही दिवसांत ती मरत. पायरीपायरीने साठणं इथे नाहीच, थेट विषबाधा आहे. १९९० च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मुंबईत याचा परिणाम मलबार हिलच्या डुंगरवाडीत दिसला. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची पारशी समाजाची रीत गिधाडांअभावी अडली आणि तिथे सौर संकेंद्रक (ऊन एका जागी एकवटणारी साधनं) बसवावे लागले. एका औषधाच्या इंजेक्शनपासून एका समाजाच्या अंत्यविधीपर्यंत पोचणारी याहून चांगली साखळी मला तरी माहीत नाही.

पवई तलावातली जलपर्णी कोणत्या मुद्द्यात लिहायची?

युट्रोफिकेशन, म्हणजे पाण्याचं अतिपोषण. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, शेवाळ आणि जलपर्णी माजतात, पृष्ठभाग झाकला जातो, खाली प्रकाश जात नाही. वनस्पती मरून तळाशी कुजतात, कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मासे गुदमरतात. लक्षात घ्या, मासे विषाने मरत नाहीत, ऑक्सिजनअभावी मरतात. हा शब्द चुकला की मार्क गेला.

इथेच बीओडी, म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, येतो. बीओडी जास्त म्हणजे पाणी घाण. मुलं ‘ऑक्सिजन मागणी जास्त म्हणजे ऑक्सिजन भरपूर’ असं वाचतात आणि नेमकं उलटं लिहून येतात. मागणी कोणाची? कुजवणाऱ्या जिवाणूंची.

पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. आज ते पाणी पिण्यालायक नाही. उत्तराला एवढी एक ओळ पुरते.

मुंबईची उदाहरणं चालतात की पुस्तकातलीच द्यायची?

चालतात काय, धावतात. तपासणाऱ्याच्या समोर तीनशे वह्यांत तीच ॲमेझॉनची जंगलं असतात. त्यात एखादीने ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो आणले तर तो खुर्चीत सरळ होऊन बसतो. अट एकच: उदाहरण संकल्पनेला चिकटलेलं हवं. नाहीतर ते नुसतं पर्यटन.

खारफुटी घ्या, सरकारी कागदांतलं कांदळवन. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर डोकं काढतात, कारण खाऱ्या दलदलीत ऑक्सिजन नसतो. त्याच मुळांत गाळ अडकतो, लाटांचा जोर मोडतो, कोळंबी आणि मासळीची पिल्लं वाढतात. तिथे डेब्रिज टाकून भरतीचं पाणी अडवलं की झाडं उभ्या उभ्या वाळतात. नुकसान पहिलं पोचतं ते कोळीवाड्याच्या टोपलीत. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यावर बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, तर रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा २०२२ चा. गंमत अशी की खाडीत फ्लेमिंगोंची गर्दी होण्यामागे सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ हेही एक कारण असल्याचं अभ्यासक मांडतात. म्हणजे पक्षी आले एवढ्यावरून पाणी स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढू नका.

देवनार कचराभूमी १९२७ पासूनची. ओला कचरा ढिगाखाली ऑक्सिजनशिवाय कुजतो, मिथेन तयार होतो, तो पेटतो. जानेवारी २०१६ मधल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला होता. ढिगातून झिरपणारं काळं पाणी खाडीत जातं, तेही लिहा. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. म्हणजे कचरा आणि हवामानबदल हे दोन वेगळे धडे नाहीत.

बिबट्याचं उदाहरण जपून वापरा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, शहराने वेढलेलं. ‘जंगल कमी झाले म्हणून बिबट्या शहरात आला’ हे अर्धं उत्तर. कडेच्या वस्त्यांतल्या कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि बिबट्या कुत्र्यांसाठी येतो, हे उरलेलं अर्धं. शिवाय पकडलेला बिबट्या अनोळखी जागी नेऊन सोडला की तिथे संघर्ष वाढू शकतो, हा संशोधनातून पुढे आलेला धडा आहे. ‘उपाय’ विचारला तर पिंजऱ्याआधी कचरापेटी लिहा.

आरेबद्दलही विचारतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं. या उदाहरणात दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, कारण मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर कमी होतो हेही खरंच आहे. संघर्ष मांडा, घोषणा देऊ नका.

समुद्राची पातळी बर्फ वितळल्यामुळे वाढते, एवढं पुरे ना?

नाही. दोन कारणं लिहा: गरम झालेलं पाणी प्रसरण पावतं आणि जमिनीवरचा बर्फ (ग्रीनलँड, अंटार्क्टिका, हिमनद्या) वितळून समुद्रात येतो. आधीच पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळपास वाढत नाही. ग्लासात बर्फाचा खडा टाकून घरीच बघा, उसाच्या रसात टाकलात तरी चालेल.

एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) येतो का पेपरात? मुंबईत समुद्र असून हवा खराब का होते?

येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात आठ प्रदूषक आहेत: पीएम १० आणि पीएम २.५ (१० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० खराब, ३०१ ते ४०० अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. सापळा असा की अंतिम आकडा ही सरासरी नसते. ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सगळ्यात जास्त, तोच त्या दिवसाचा एक्यूआय.

पीएम १० मध्ये बांधकामाची आणि रस्त्यांची धूळ बरीच, पीएम २.५ मध्ये जळण्यातून आलेले कण जास्त. बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत आणि पुढे रक्तात जातात, म्हणून ते जास्त घातक. पीएम २.५ साठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, भारताची ४०.

आता समुद्र. दिवसा वाहणारा खारा वारा मुंबईचा झाडूवाला आहे. हिवाळ्यात वारे मंदावतात, त्यांची दिशा बदलायला उशीर होतो, रात्री जमिनीलगत थंड हवा बसून राहते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. याला तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात. धूळ तीच, पण ती नेणारा रजेवर.

कायदे आणि सनावळ्या किती पाठ करायच्या?

पाठ करू नका, जोडीने लावा. घटना आधी, कायदा नंतर. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमची परिषद झाली, पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८अ आणि ५१अ(जी) आले. पहिला राज्याचं कर्तव्य सांगतो, दुसरा नागरिकाचं. अदलाबदल करू नका. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच कायद्याच्या छत्राखाली १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आणि २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले.

सुटे उरतात ते असे: वन्यजीव १९७२, पाणी १९७४, वन संवर्धन १९८०, हवा १९८१, जैवविविधता २००२, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१०. जगातले करार तीनच पक्के करा: माँट्रियल १९८७, क्योटो १९९७, पॅरिस २०१५. आणि चर्नोबिल एप्रिल १९८६ चं. ते भोपाळच्या शेजारी लिहून ठेवा म्हणजे वायू आणि किरणोत्सार यांची सरमिसळ होणार नाही.

तुम्हाला हा पेपर का द्यावा लागतोय, तेही याच यादीत आहे. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. तक्रार असेल तर तिथे.

गणितं असतात का?

असतात, पण फार जड नसतात. लोकसंख्या दुप्पट व्हायला किती वर्षं? ७० ला वाढीच्या टक्क्याने भागा. २ टक्के वाढ असेल तर ३५ वर्षं. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे जाते: वनस्पतीत १०,००० एकक असतील तर तृणभक्षकाकडे १,००० आणि त्याला खाणाऱ्याकडे १००. डेसिबल मात्र सरळ मोजपट्टी नाही, दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५. हिशोबाने रात्रीची मर्यादा दिवसाच्या एक दशांश तीव्रतेची झाली. गणपतीत आपल्या गल्लीत ती किती पाळली जाते, हा प्रश्न पेपरात येत नाही.

‘वाढती लोकसंख्या हेच मूळ कारण’ असं प्रत्येक उत्तरात लिहिलं तर?

तर मी तुमचा अर्धा मार्क कापीन. पॉल एर्लिक आणि जॉन होल्ड्रेन यांच्या मांडणीतून १९७० च्या दशकात एक समीकरण पुढे आलं: प्रभाव म्हणजे लोकसंख्या गुणिले संपन्नता गुणिले तंत्रज्ञान. यात गुणाकार आहे. माणसं कमी असली तरी दरडोई वापर प्रचंड असला की प्रभाव मोठाच येतो. कार्बन डायऑक्साइडचं दरडोई उत्सर्जन भारतात वर्षाला साधारण २ टन आणि अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. लांब कशाला, एकाच मुंबईत बघा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतलं सहा जणांचं कुटुंब आणि समोरच्या टॉवरमधलं चार एसी, तीन गाड्यांचं तिघांचं कुटुंब. डोकी कुठे जास्त आणि वीज कुठे? लोकसंख्येला एक कडी म्हणून जागा द्या, सगळी साखळी तिच्या गळ्यात घालू नका.

उपाय लिहा म्हटलं की जनजागृती आणि वृक्षारोपण सोडून काही सुचत नाही.

साखळीकडे परत जा आणि ती कुठे तोडता येईल ते बघा. प्रत्येक कडीला एक उपाय. देवनारच्या उदाहरणात: ओला-सुका वेगळा केला तर मिथेन होणारा मालच ढिगात जात नाही, झालेला मिथेन नळ्यांनी गोळा करून जाळता येतो, झिरपणारं पाणी अडवायला तळाशी अस्तर घालता येतं. तीन उपाय झाले आणि ‘जनजागृती’ हा शब्द आला नाही.

उपायासमोर करणारा लिहा: महापालिका, राज्य, न्यायालय, कारखाना, नागरिक. महाराष्ट्राची २०१८ ची प्लास्टिकबंदी, मुंबईचा मार्च २०२२ चा हवामान कृती आराखडा (२०५० पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट), अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली वर्सोवा किनाऱ्याची सफाई आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूत दिसलेली ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं. नागरिकांची भूमिका विचारली तर हे शेवटचं उदाहरण पुरेसं आहे.

वृक्षारोपण लिहायचंच असेल तर कोणतं झाड आणि कुठे ते लिहा. खाडीकाठी गुलमोहर लावून खारफुटीची भरपाई होत नाही.

आकृती काढू का?

हो. पेन्सिलने, नावं एकाच बाजूला.

मराठीतून पेपर देतोय. ‘युट्रोफिकेशन’ लिहू की ‘सुपोषण’?

पाठ्यपुस्तकात जो शब्द आहे तो पहिल्यांदा लिहा आणि उत्तरभर तोच ठेवा. एका परिच्छेदात हरितगृह वायू, दुसऱ्यात ग्रीनहाऊस गॅस असं करू नका. वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. ज्यांना मराठी प्रतिशब्द आठवत नाही त्यांनी रूढ शब्द देवनागरीत लिहावा. मनाने शब्द घडवू नये. एकाने बायोडायव्हर्सिटीला ‘प्राणीवैविध्य’ केलं आणि सगळ्या वनस्पती वाऱ्यावर सोडल्या.

नऊच दिवस उरलेत. काय करू?

पहिले चार दिवस फक्त चार साखळ्या: तापमानवाढ, ओझोन, पाण्याचं अतिपोषण, अधिवासाचा नाश. रोज एक, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, बाणांनी. जिथे बाण अडेल तिथेच पुस्तक उघडायचं. नुसतं वाचून ‘येतंय’ असं वाटतं ते खोटं असतं. पाचव्या दिवशी हवा आणि कचरा. सहाव्या दिवशी कायदे, जोडीने. सातव्या-आठव्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. पाच मार्कांना नऊ-दहा मिनिटं, जास्त नाही. नववा दिवस चुकलेल्या उत्तरांसाठी राखून ठेवा. तो लागतोच.

लोकलमध्ये अभ्यास होतो का?

वाचून होत नाही, बघून होतो. मध्य रेल्वेवर सायन ते कुर्ला नाला, हार्बरवर वाशीच्या पुलावरून खाडी आणि खारफुटी, पश्चिमेला माहीम-वांद्र्याच्या मध्ये मिठीचं मुख. प्रत्येक जागेला एक संकल्पना बांधून टाका. रोज तिथून जाताना मनात बाण काढायचे. माझी एक विद्यार्थिनी कळव्याहून यायची. ठाण्याची खाडी लागली की तिच्या तोंडून बीओडीची व्याख्या आपोआप निघायची, आणि शेजारी बसलेल्या बायका तिच्याकडे बघत राहायच्या.

आदल्या रात्री काय वाचू?

नवीन काहीही नाही. आपल्या चार साखळ्या एकदा काढा, सनावळीच्या जोड्यांवर नजर फिरवा, अकराच्या आत झोपा. पेन्सिल, खोडरबर, हॉलतिकीट रात्रीच पिशवीत. आणि पेपर रविवारी असेल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा.